कंपनीने दिलेला शब्द गोडाऊनपर्यंत कसा पोचवायचा

मुंबई आणि आजूबाजूला, म्हणजे अंधेरी एमआयडीसी, तळोजा, वसई, भिवंडी ह्या पट्ट्यात ज्या मध्यम साइजच्या कंपन्या आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. परचेसला दोन-तीन माणसं, भिवंडीत एक भाड्याचं गोडाऊन आणि एक डिस्पॅचवाला ज्याच्याकडे सगळ्यांचे फोन येतात, अशी कंपनी. तिथे सप्लाय चेनची बोंब असते ती लोक काम करत नाहीत म्हणून नसते. प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो. परचेसवाला स्वस्तात स्वस्त माल आणतो, ट्रान्सपोर्ट बघणारा गाडी फुल झाल्याशिवाय सोडत नाही, अकाउंट्सवाला पेमेंट जमेल तेवढं लांबवतो, आणि तिकडे सेल्सवाला डीलरला सांगून आलेला असतो की शेठ, तीन दिवसांत माल तुमच्या दुकानात. पहिल्या तिघांचं काम चोख झालं की चौथ्याचा शब्द मोडलाच म्हणून समजा.

म्हणून सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी, कन्सल्टंट बोलवायच्या आधी, कंपनी बाजारात कशाच्या जोरावर उभी राहणार ते ठरवायचं आणि मग ते परचेस, स्टॉक, गाड्या आणि पेमेंट ह्या चार जागी आकड्यांत उतरवायचं. उदाहरणासाठी आपण एक कंपनी धरू. समजा वसईत एलईडी लाइट बनवणारी कंपनी आहे, साधे नऊ वॉटचे बल्ब पण बनवते आणि इंटिरिअरवाल्यांना लागणारे फॅन्सी लाइट पण, लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या इलेक्ट्रिकल मालाच्या बाजारात, तिचे डीलर आहेत, राज्यात इतर ठिकाणीही आहेत.

पहिलं काम, मालकासमोर बसा. मालक, पार्टनर, डायरेक्टर, ज्याचा शब्द शेवटचा तो. त्याला सरळ विचारलं की आपली स्ट्रॅटेजी काय, तर उत्तर येतं क्वालिटी पण, भाव पण, सर्व्हिस पण. ह्या उत्तराने परचेसवाल्याला उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. त्यापेक्षा पेचाचे प्रश्न विचारा. गाडी अर्धीच भरलीय आणि पुण्याचा डीलर उद्या माल मागतोय, सोडायची का गाडी? सप्लायर दहा टक्के भाव कमी करतोय पण सहा महिन्यांचा माल एकदम उचला म्हणतोय, उचलायचा का? जुन्या डीलरची ऑर्डर आणि मोठ्या बिल्डरची ऑर्डर एकाच दिवशी आली, माल एकालाच पुरेल एवढा आहे, कोणाला द्यायचा? अशा आठ-दहा प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या, मालकाच्या तोंडचीच. तीच तुमची स्ट्रॅटेजी, भिंतीवर फ्रेम करून लावलेलं व्हिजन स्टेटमेंट काहीही म्हणो.

मग एक दिवस सेल्सच्या माणसाबरोबर बाजारात जा, हे अजिबात टाळू नका. लोहार चाळीतल्या डीलरच्या काउंटरवर उभं राहून फक्त एक गोष्ट विचारा: आमचा माल नव्हता तेव्हा तुम्ही काय केलं? साध्या बल्बबद्दल तो म्हणेल, काय करणार, दुसऱ्या कंपनीचा दिला, गिऱ्हाईक बॉक्सवरचं नाव पण बघत नाही. तोच डीलर फॅन्सी लाइटबद्दल म्हणेल की आर्किटेक्टने मॉडेल नंबर लिहून दिला होता, आठ-दहा दिवस थांबायला पार्टी तयार होती, पण तुम्ही दोन वेळा तारीख बदललीत म्हणून गेली. एकाच काउंटरवर दोन वेगळ्या अपेक्षा. बल्ब आत्ता हातात पाहिजे, फॅन्सी लाइट उशिरा चालेल पण सांगितलेल्या तारखेला पाहिजे. ह्या दोन मालांना एकच परचेस पॉलिसी आणि एकच स्टॉक पॉलिसी लावली तर दोन्हीकडे मार खाणार.

हीच गोष्ट मार्शल फिशर ह्या अमेरिकेतल्या प्राध्यापकाने १९९७ मध्ये नीट मांडली. रोजच्या खपाचा, मागणीचा अंदाज येणारा माल असेल तर साखळी काटकसरीची हवी, आणि मागणी बेभरवशाची असेल, मॉडेल लवकर जुनं होत असेल, मार्जिन जास्त असेल, तर साखळी चपळ हवी, चार पैसे महाग पडली तरी. एवढी वर्षं झाली तरी कंपन्या तीच चूक करतात, फॅन्सी मालासाठी स्वस्तातली संथ साखळी लावतात आणि मग सीझन संपल्यावर माल सेलमध्ये काढतात.

आपल्या मुंबईतलीच दोन उदाहरणं बघा. डीमार्टने २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं, शब्द एकच, रोज कमी भाव. त्यासाठी दुकानांच्या जागा शक्यतो स्वतःच्या, मालाची रेंज आटोपशीर, जे पटापट खपतं तेच ठेवायचं, आणि सप्लायरला पैसे लवकर. पैसे लवकर मिळतात म्हणून सप्लायर भाव आणखी उतरवतो आणि तो फायदा शेल्फवरच्या किमतीत दिसतो. म्हणजे तिथे अकाउंट्स डिपार्टमेंटसुद्धा कमी भावाच्याच कामाला लागलेलं आहे. दुसरं एशियन पेंट्सचं. रंगात गिऱ्हाईकाला हजार शेड हव्या असतात, पण प्रत्येक शेडचे डबे ठेवले तर डीलर बुडेल. त्यांनी १९७० मध्येच कॉम्प्युटर आणला, होलसेलर टाळून थेट डीलरला माल द्यायची पद्धत बसवली, आणि पुढे दुकानात टिंटिंग मशीन आली, म्हणजे डीलरने थोडेच बेस ठेवायचे आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना शेड मिसळून द्यायची. रेंज मोठी दिसते, स्टॉक मात्र मोजका. आपल्या लाइटवाल्या कंपनीलाही हे जमू शकतं: फॅन्सी लाइटची बॉडी, ड्रायव्हर (म्हणजे एलईडीला योग्य वीज देणारं सर्किट), फ्रेम सुटे ठेवायचे आणि ऑर्डर आल्यावर जोडायचे, तयार माल भरून ठेवायचा नाही.

आता एक्सेल उघडा. गेल्या बारा महिन्यांची आयटमवाइज, महिनावाइज विक्री काढा. प्रत्येक आयटमची सरासरी काढा, स्टँडर्ड डेव्हिएशन (विक्री सरासरीपासून किती वरखाली होते तो आकडा) काढा, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. उत्तर अर्ध्याच्या आत असेल तर मागणी स्थिर, एकच्या वर असेल तर बेभरवशाची, मधले जे आहेत ते हाताने बघा. दोन गोष्टींची काळजी मात्र घ्या. एखाद्या बिल्डरची एकदाच आलेली दहा हजारांची ऑर्डर आकड्यात असेल तर बाजूला काढा, नाहीतर शांत आयटम पण वेडावाकडा दिसतो. आणि ज्या महिन्यात विक्री शून्य दिसते त्या महिन्यात गोडाऊनमध्ये माल होता का ते तपासा, कारण माल नव्हता म्हणून विकला गेला नाही आणि कोणी मागितला नाही ह्या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, एक्सेलला दोन्ही शून्यच दिसतात.

यादी झाली की शब्दाचा आकडा करायचा. मालक म्हणाला बल्ब कधी संपता कामा नये, ठीक आहे, किती टक्के वेळा? इथे लोक सहज ९५ टक्के म्हणतात. ९५ ऐकायला भारी वाटतं, पण डीलर एकच आयटम मागवत नाही, तो पाच आयटमची ऑर्डर लिहितो. प्रत्येक आयटम ९५ टक्के वेळा हजर असेल तर पाचही एकदम हजर असायची शक्यता काढा, ०.९५ पाच वेळा गुणा, उत्तर ७७ टक्के. म्हणजे दर चार-पाच ऑर्डरीत एक अर्धवट जाणार, आणि डीलरच्या डोक्यात तीच राहणार.

मग ९९ का नाही? कारण त्याचे पैसे पडतात. सेफ्टी स्टॉक म्हणजे मागणी अचानक वाढली तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला जास्तीचा माल, आणि लीड टाइम म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हातात येईपर्यंतचे दिवस. सेफ्टी स्टॉकचा साधा हिशोब असा की मागणीतला रोजचा चढउतार, गुणिले लीड टाइमचं वर्गमूळ, गुणिले एक फॅक्टर. ९५ टक्क्यांना तो फॅक्टर १.६५ आहे, ९८ ला २.०५, ९९ ला २.३३. म्हणजे ९५ वरून ९९ वर जायचं म्हटलं की सेफ्टी स्टॉक ४१ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा रुपयांत काढून मालकाला दाखवा आणि त्यालाच ठरवू दे, बल्बला ९९ द्यायचे आणि फॅन्सीला तयार स्टॉकच नाही, फक्त पक्की तारीख द्यायची, असं काहीतरी. हा निर्णय गोडाऊन इनचार्जने घ्यायचा नसतो, पण मालकाने घेतला नाही की तोच घेत बसतो, रोज, फोनवर जो जास्त ओरडेल त्याच्या बाजूने.

त्याच हिशोबात अजून एक गोष्ट दडलेली आहे. लीड टाइम वर्गमुळात असल्यामुळे तो ६० दिवसांवरून १५ वर आला तर सेफ्टी स्टॉक थेट निम्मा होतो. म्हणून जवळचा सप्लायर महाग वाटला तरी त्याचं गणित पूर्ण करून बघायचं. आणि लीड टाइम कोटेशनवरचा घेऊ नका. गेल्या पाच-सहा पीओ (परचेस ऑर्डर) काढा, पीओची तारीख आणि आपल्या गोडाऊनच्या जीआरएनची, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीची, तारीख ह्यातले दिवस मोजा. न्हावा शेवाला कंटेनर उतरणं, सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) पडून राहणं, कस्टम क्लिअरन्स, भिवंडीच्या ट्रॅफिकमधून गाडी आत येणं, सगळं त्यात आलं पाहिजे. मोजल्यावर आकडा कोटेशनपेक्षा मोठा निघाला तर मोठाच धरा, आणि प्रत्येक वेळी वेगळा निघत असेल तर सेफ्टी स्टॉक अजून थोडा वाढवावा लागेल.

परचेसचं गणित एकदा पूर्ण मांडून दाखवतो, कारण खरी भांडणं इथेच होतात. समजा ड्रायव्हर चीनहून ६० रुपयाला पडतो, सगळा खर्च धरून, पण एका वेळी ५०,००० नग घ्यावे लागतात. इथला सप्लायर ६८ ला देतो, ५,००० च्या लॉटमध्ये. वर्षाला ६०,००० लागतात. परचेसवाला म्हणणार नगामागे ८ रुपये, वर्षाला ४ लाख ८० हजार वाचवले, आणि त्याच्या केआरएमध्ये, म्हणजे ज्यावर त्याचं काम मोजलं जातं त्या यादीत, तेच लिहिलं जाणार. आता स्टॉक मोजा. चीनच्या मालात सरासरी २५,००० नग पडून, वर दोन महिन्यांचा सेफ्टी स्टॉक १०,०००, म्हणजे ३५,००० नग, २१ लाख रुपये अडकले. बँकेचं व्याज, गोडाऊन भाडं, इन्शुरन्स, तूटफूट धरून वर्षाला २० टक्के खर्च लावला तर ४ लाख २० हजार. इथल्या मालात सरासरी २,५०० आणि सेफ्टी २,५००, म्हणजे ५,००० नग, ३ लाख ४० हजार अडकले, त्याचा खर्च ६८ हजार. आता वर्षाची बेरीज, चीन ४० लाख २० हजार, इथला ४१ लाख ४८ हजार. खरी बचत १ लाख २८ हजार. आणि मधेच मॉडेल बदललं आणि १५,००० ड्रायव्हर उरले की ९ लाख पाण्यात. नऊ वॉटच्या बल्बचा ड्रायव्हर असेल तर चीनहून आणायला हरकत नाही, तो वर्षानुवर्षं लागणारच आहे. फॅन्सी लाइटचा, जिथे दर सीझनला डिझाइन बदलतं, तो इथूनच घ्या. तुमचे भाव, तुमचं व्याज घालून हेच शीट बनवा, परचेस आणि अकाउंट्स दोघांना शेजारी बसवून.

गाड्या आणि डेपोकडे येऊ. बऱ्याच कंपन्यांचं डेपोचं जाळं गिऱ्हाईक बघून बसवलेलंच नाही, ते टॅक्स बघून बसवलेलं आहे. जीएसटीच्या आधी दुसऱ्या राज्यात माल विकला की सीएसटी (सेंट्रल सेल्स टॅक्स) लागायचा, म्हणून राज्याराज्यात डेपो. मुंबईत जकात होती, मुलुंड आणि दहिसरच्या चेकनाक्यावर गाड्यांच्या रांगा लागायच्या, आणि जकातीच्या हद्दीबाहेरच्या भिवंडीत गोडाऊनं वाढत गेली त्यात ह्याचा मोठा हात होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात त्याच दिवशी बंद झाली. तरीही डेपो तिथेच, कारण भाड्याचं ॲग्रीमेंट आहे आणि माणसं आहेत. प्रत्येक डेपोपुढे एकच प्रश्न लिहा: हा आज नसता तर कुठला शब्द मोडला असता? समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला, नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर. तुमचा विदर्भातला डीलर दोन दिवस थांबायला तयार असेल तर नागपूरच्या डेपोतला स्टॉक भिवंडीत आणून गाडीने पाठवता येतो का ते आता परत तपासायला हवं. तो आजच्या आज माल मागत असेल तर डेपो राहू द्या.

गाडी फुल भरायची की नाही हा वाद पण मग आपोआप मिटतो. बल्बची गाडी ठरल्या वारी सुटणार, मंगळवार-शुक्रवार म्हणा, भरली तर भरली नाहीतर उरलेल्या जागेत डीलरचा पुढचा माल टाका. फॅन्सीचा माल पार्ट लोडने, तारीख सांभाळून. लोहार चाळीसारख्या ठिकाणी मोठी गाडी तशीही दिवसा आत जात नाही, छोटा हत्तीच लागतो, मग त्याची एक फेरी रोजची ठेवून तीन-चार डीलर एकत्र करता येतात.

पेमेंट राहिलं. सप्लायर जर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस. मुदतीत पैसे दिले नाहीत तर आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे द्याल त्याच वर्षी धरता येतो. असेसमेंट इयर २०२४-२५ पासून हा नियम आला, १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४३बी(एच) ते हेच. पण टॅक्स सोडून बघितलं तरी, ज्या सप्लायरकडून आठ दिवसांत माल हवाय त्याचे पैसे नव्वद दिवस अडवून चालत नाही. तो तुमची ऑर्डर मागे टाकतो, तोंडावर बोलत नाही एवढंच. फॅन्सी लाइटच्या सप्लायरांची यादी अकाउंट्सला द्या आणि सांगा की ह्यांचं पेमेंट आधी.

आता सगळ्यात अवघड भाग, केआरए. वरचं सगळं ठरवलंत आणि परचेसवाल्याचा बोनस अजून भाव किती पाडला ह्यावरच असेल तर तीन महिन्यांत गाडी जुन्या वळणावर जाईल, आणि त्यात त्याची काही चूक नाही, माणूस ज्यावर मोजला जातो तेच करतो. परचेसला भावाबरोबर पडून राहिलेल्या स्टॉकचा खर्च आणि सप्लायरचा वेळेवरपणा लावा. ट्रान्सपोर्टला किलोमागचा खर्च लावाच, पण बरोबरीने ठरल्या दिवशी पूर्ण ऑर्डर पोचली का हा आकडा लावा, आणि पोचली म्हणजे डीलरच्या सही-शिक्क्याची तारीख, आपल्या बिलाची नव्हे. सेल्सला विक्रीबरोबर अंदाज किती चुकला ते लावा, नाहीतर ते सगळ्याच आयटमचा अंदाज फुगवून देतात. महिनाअखेरीला डीलरकडे माल कोंबायची सवय असेल तर तीही इथेच पकडली जाते, कारण २८ ते ३१ तारखेत अर्धा माल जात असेल तर कुठलंही गोडाऊन वेळ पाळू शकत नाही.

महिन्यातून एकदा दीड तासाची मीटिंग घ्या, सेल्स, परचेस, गोडाऊन, अकाउंट्स आणि मालक, मालक नसेल तर मीटिंग पुढे ढकला. आधी सेल्सने पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज सांगायचा, मग परचेस आणि गोडाऊनने कुठे कमी पडतंय ते, मग अकाउंट्सने त्याला पैसे किती लागतील ते, आणि शेवटी मालकाने निर्णय द्यायचा. मागच्या महिन्याची उणीदुणी काढायला बसू नका, पुढचं बघा. भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर लावा. चिनी नववर्षात तिकडचे कारखाने बंद, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर पाऊस, गाड्या उशिरा. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर अवजड वाहनांना बंदी येते, कोकणातल्या डीलरचा माल त्याआधी पोचला पाहिजे. पितृपक्षात बाजार थंड, आणि तो संपला की नवरात्रापासून दिवाळीची उचल सुरू. तुमचा खरा लीड टाइम ७५ दिवस निघाला असेल तर नवरात्राच्या मालाची पीओ जून-जुलैतच सुटायला हवी, म्हणजे दिवाळीचा निर्णय पावसाळ्याच्या तोंडाशीच.

सगळं एकदम करायला जाऊ नका. एक प्रॉडक्ट लाइन घ्या, तिची यादी, तिचा आकडा, तिचे सप्लायर, तिचे केआरए, एवढंच एक तिमाही चालवून बघा. आणि कंपनीचा शब्द बदलला की शीट परत काढा. हल्ली सगळ्यांना क्विक कॉमर्सवर, म्हणजे काही मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या ॲप्सवर, जायचंय. तिथे पीओ छोट्या आणि सारख्या येतात, डिलिव्हरीला स्लॉट घ्यावा लागतो, स्लॉट चुकला तर गाडी परत पाठवतात, पूर्ण माल गेला नाही तर पेनल्टी लागू शकते. सेल्सला ऑर्डर दिसते, पण बल्बचे ९९ टक्के आणि मंगळवार-शुक्रवारची गाडी त्या हिशोबात बसेलच असं नाही. तेव्हा सही करायच्या आधी ते ॲग्रीमेंट डिस्पॅचवाल्याला वाचायला द्या, स्लॉट आणि पेनल्टीचं पान खास करून.